उसातला कर्ता

"सर, आमची वनिता शाळंत हाय का?"

लहू केंगले माझ्या खोलीच्या दारात उभा होता. पायात चपला नव्हत्या, घोट्यापर्यंत ओला चिखल होता. कांद्याला पाणी देता देता तसाच उठून आला असावा. मी नुकतीच स्टोव्हवरची खिचडी ताटात वाढून घेतली होती. दुपारचा एक वाजला होता. शनिवारी आमची शाळा सकाळची, अकराला सुटायची, आणि त्या दिवशी तर ती साडेदहालाच सोडली होती.

"नाही. शाळा कधीच सुटली," मी म्हणालो.

"ते कळलं. वाडीतली बाकीची पोरं आली. हीच न्हाई आली. पोरं म्हनत्यात, आमच्याबरुबर नव्हती. म्हटलं तुमच्या वर्गात हाय, तुमास्नी ठावं आसंल."

ठाऊक होतं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मला सगळं ठाऊक झालं होतं. हातातलं ताट खाली ठेवताना आपटलंच. वनिता लहू केंगले, आठवी ब. हिला मी सव्वादहाला लपायला पाठवलं होतं आणि बाहेर बोलवायला विसरलो होतो.

"गेली की सगळ्यांबरोबर," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं तिला फाटकातून जाताना."

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. त्यानंतर मी कायम झालो, दोन शाळा बदलल्या, आज मी स्वतः मुख्याध्यापक आहे आणि दर वर्षी नव्या शिक्षकांना सचोटीवर दोन शब्द सांगतो. पण ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज कसं निघालं, हे मला अजून उमगलेलं नाही. एवढंच आठवतं की मी घाबरलो होतो. लहू केंगलेला नाही घाबरलो. तो बिचारा हात जोडूनच बोलायचा. मी घाबरलो ते आमच्या मुख्याध्यापक औटी सरांना, गावाला आणि माझ्या नोकरीच्या कागदाला.

"मंग वाटंतच कुटं तरी," असं म्हणून लहूने बांधाकडे पाहिलं. त्या दिवशी त्या वाटेबद्दल कुणी काही बोलायची गरज नव्हती.

आळवाडी हे जुन्नर तालुक्यातलं गाव. चहूकडे ऊस, आणि उसात बिबटे. तिकडचे लोक त्याला वाघच म्हणतात. मी लातूरकडचा, आमच्याकडे कोल्हं दिसलं तरी आठवडाभर गप्पा चालायच्या. इथे मात्र संध्याकाळी सातनंतर कुणी एकटं बाहेर पडत नसे, आणि बायका परसात जातानाही हातात डबा घेऊन वाजवत जात. जानेवारीत तोड सुरू झाली की जनावरं बिथरायची. ज्या उसात त्यांची पिल्लं वाढली तोच ऊस डोळ्यांदेखत भुईसपाट व्हायचा. मग ती उरलेल्या फडात सरकत सरकत यायची.

शाळेच्या मागे, तारेच्या कुंपणाला लागून बनकरांचा दहा एकरांचा उसाचा फड होता. त्याची तोड पलीकडच्या अंगाने, ठाकरवाडीच्या वाटेकडून सुरू झाली होती. केंगल्यांचं घर त्या ठाकरवाडीत.

आता तो खेळ सांगायला हवा.

आमच्या पोरांना पाचवीत कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की इंग्रजी वाक्यात पहिला येतो तो कर्ता आणि त्याच्या शेजारी बसतं ते क्रियापद. सरळ वाक्यात ते खपून जायचं. वाक्य जरा उलटं फिरलं की पोरं आडवी. 'अंडर द ट्री सॅट अ मंकी' असं फळ्यावर लिहिलं की निम्मा वर्ग 'ट्री'खाली रेघ मारून मोकळा. "झाड बसलं का रे?" असं मी विचारायचो, तर पोरं एका सुरात "हो सर" म्हणायची. सरांनी विचारलंय म्हणजे बसलं असणार.

मग मी पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. एकेका पाटीवर वाक्याचा एकेक तुकडा. कर्त्याची पाटी जिच्या हातात तिने शाळेच्या आवारात कुठेही लपायचं. क्रियापदाची पाटी जिच्याकडे तिने हाक मारत तिला शोधायचं. पाटीवर 'सॅट' असेल तर 'हू सॅट?' अशी हाक. म्हणजे कोण बसलं? ही हाक आली की कर्त्याने दडल्या जागेवरून उत्तर द्यायचं, 'अ मंकी सॅट,' आणि बाहेर यायचं. पोरांच्या डोक्यात मला एवढंच भरवायचं होतं की वाक्य कसंही वाकडं असो, आधी क्रियापद पकडा आणि त्याला 'कोण' म्हणून विचारा. कर्ता कुठेही दडून बसलेला असला तरी ओ देतो.

बाकीच्या शब्दांचं काम होतं कर्त्याला फसवायचं. ती पोरं नावाने हाका मारणार, घंटा झाली म्हणून ओरडणार, तुझा बाप आलाय म्हणणार, सर बोलावतायत म्हणणार. कर्त्याने हलायचं नाही. आपलं क्रियापद येऊन विचारेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहून ठेवला होता. खेळ फार गाजला. तालुक्याच्या शिक्षकांपुढे मी त्याच्यावर पाऊण तास बोललोही होतो. 'हसतखेळत इंग्रजी' असं म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

त्या शनिवारचं वाक्य मी मुद्दाम पोरांच्या घरचं घेतलं होतं. 'आउट ऑफ द शुगरकेन केम अ लेपर्ड.' उसातून आला बिबट्या. वर्गात एकच गलका झाला. 'केम'ची पाटी बनकरांच्या शीतलला दिली. ती धीट आणि मोठ्या आवाजाची. 'अ लेपर्ड' मी वनिताच्या हातात दिलं. ती वर्गात सगळ्यांत बुटकी, कधी न बोलणारी, हाक मारली तरी मान खाली घालणारी. "एवढुसा लेपर्ड!" म्हणून पोरं खिदळली. तिला जरा धीट करावं असं माझ्या मनात होतं. निदान मी तसं समजत होतो.

वनिता पाटी छातीशी धरून बाहेर गेली. शीतल फळ्याकडे तोंड करून आकडे मोजायला लागली. तीसपर्यंतही ती पोचली नसेल, तोच घंटा वाजायला लागली आणि थांबेचना.

बनकरांच्या मळ्यात, नाल्याकाठी वाघाने भरदिवसा शेळी उचलली होती. शेळीची मालकीण चार हातांवर गवत कापत होती. औटी सर व्हरांड्यात उभे राहून ओरडत होते, "वाड्यावाड्यांचे गट करा! एकही पोरगं एकटं जाता कामा नये! टेकाळे, धरणवाडीची पोरं तुमच्याकडे!" मी धरणवाडीची एकवीस पोरं घेऊन डांबरी रस्त्याने निघालो. ठाकरवाडीची पोरं उसाच्या ट्रॅक्टरवर बसवून दिली होती. शीतलला तिचा काका मोटारसायकलवरून घेऊन गेला. फाटकातून निघताना औटी सरांनी मला विचारलं, "तुमचा वर्ग रिकामा झाला ना? मोजलीत ना पोरं?"

"मोजली सर."

मी मोजली नव्हती. घाईत कोण मोजतं?

लहू मागे वळला तसा मी खोलीला कडी घातली आणि मधल्या वाटेने धावत शाळेत गेलो. शाळा अगदी सुनसान होती. शिपाईही घरी गेला होता. मुलींचं स्वच्छतागृह पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, मोडक्या बाकांच्या ढिगात वाकून पाहिलं, जिन्याखालची केरसुण्यांची जागा पाहिली. मी हाकाही मारल्या, पण हळू. रस्त्यावरून कुणी जाताना ऐकलं तर काय, हा विचार तेव्हाही डोक्यात होता.

"वनिता, ए वनिता! बाहेर ये बाळा. खेळ संपला. मी टेकाळे सर."

मागच्या बाजूला, कुंपणाच्या तारेपाशी उभं राहूनही मी हाक मारली. उसाची पाती सळसळत होती. दुसरा आवाज नव्हता. अडीच-पावणेतीन तास कोणती मुलगी लपून बसेल? कंटाळून निघाली असणार, वाटेत ट्रॅक्टरही नाही, सोबतही नाही, म्हणजे उसातल्या पायवाटेने एकटीच. मग तिथे जे काही झालं असेल ते माझ्या खेळामुळे नाही, वाटेवर झालं. असा हिशेब माझ्या मनाने त्या तारेपाशी उभ्या उभ्या मांडला, आणि खरं सांगतो, क्षणभर मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला पुढे फार वर्षं वाटली.

तीन वाजेपर्यंत ठाकरवाडीच्या वाटेवर सगळा गाव लोटला होता. हातात काठ्या, कोयते, पत्र्याचे डबे. वनखात्याचे दोन रखवालदार जीपमधून आले होते. पायवाटेलगतच्या ओल्या पाटात पंजे उमटलेले होते, ताजे. लहू त्या ठशांजवळ उकिडवा बसला होता. त्याच्या बायकोला दोघी बायकांनी धरून ठेवलं होतं आणि ती ओरडत नव्हती, नुसतं तोंड उघडून श्वास घेत होती. कुणीतरी मला पाणी दिलं. "सर, तुमी तरी काय करनार," असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पाणी प्यालो.

लहूने मान वर करून मला विचारलं, "सर, फाटकातून गेली तवा तिच्यासंगं कोन व्हतं?"

"गर्दी होती. नीट दिसलं नाही," मी म्हणालो. एक खोटं बोललं की त्याला टेकू म्हणून दुसरं लागतंच.

चार वाजता वनखात्याच्या म्हाताऱ्या रखवालदाराने सगळ्यांना गोळा केलं. जनावर फडातच आहे, ठसे आत गेलेत, बाहेर आलेले नाहीत, असं तो म्हणाला. पोरीला ओढून आत नेलं असेल तर उजेड आहे तोवरच काही करता येईल. एकच मार्ग होता. या अंगाने सगळ्यांनी रांग धरून डबे वाजवत, फटाके लावत आत शिरायचं आणि जनावराला पलीकडे हुसकायचं.

"पर मंग ते शाळंकडं सरकंल," तो म्हणाला. "तिकडं मानसं न्हाईत ना?"

"सरकू द्या," औटी सर म्हणाले. "शाळा रिकामी आहे."



शाळा रिकामी आहे. मी तिथे जाऊन आलो होतो, हाका मारून आलो होतो, कुणी ओ दिली नव्हती. तरीही त्या तीन शब्दांनी मला दरदरून घाम फुटला. लोक रांग धरायला लागले. पत्र्यावर पहिली काठी पडली, मग दुसरी, मग सगळ्याच. आणि त्या गोंगाटात मला माझंच वाक्य फळ्यावर दिसलं. आउट ऑफ द शुगरकेन. लेपर्ड कुठून येणार? उसातून. सांगितलं तेवढंच करणारी, रेघेबाहेर अक्षर जाऊ न देणारी ती मुलगी टाकीमागे कशाला लपेल? ती कुंपणाची तार वाकवून वाक्यात लिहिलं होतं तिथेच गेली असणार.

आणि आता दीडशे माणसं डबे वाजवत त्या जनावराला तिच्याकडे हाकत होती.

मी आधी औटी सरांचा हात धरला. "सर, थांबवा यांना. पोरगी शाळेच्या बाजूला उसात असेल. मी तिला लपायला पाठवलं होतं. माझ्या तासाला. बोलवायचं राहून गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते घाबरले. माझ्याइतकेच घाबरले. आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला बोललात हे?"

"नाही."

"बोलू नका. लोक जिवंत सोडायचे नाहीत तुम्हाला. शाळेला आग लावतील. आणि असेल कशावरून? साडेपाच तास झाले टेकाळे! ती वाटेवरच…"

रांग उसात शिरायला लागली होती. लहू सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या हातात डबाही नव्हता, काठीही नव्हती. तो नुसता हाताने पाती बाजूला सारत चालला होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. लोक सांगतात, मी "थांबा, शाळा रिकामी नाही" असं तीन-चारदा ओरडलो आणि एकाच्या हातातला डबा हिसकावून फेकून दिला. गोंगाट हळूहळू थांबला. लहू मागे वळून माझ्याकडे आला.

"काय म्हनला सर?"

"वनिता घरी निघालीच नव्हती, लहूभाऊ. मी खेळात तिला लपायला पाठवलं होतं. ती तिकडे, शाळेमागच्या उसात असेल."

"तुमी तर म्हनला व्हता, फाटकातनं जाताना पायली."

"खोटं बोललो."

शीतलच्या काकाने माझी कॉलर धरली. शर्टाची दोन बटणं तुटली. पाठीत एक बुक्की बसली, कुणाची ते कळलं नाही. मला ती हवीच होती असं म्हटलं तर ते नाटकी वाटेल, पण तिने मला भानावर आणलं एवढं खरं. लहूने त्या काकाचा हात धरून माझी कॉलर सोडवली.

"सरांना सोडा," तो म्हणाला. "आदी पोर."

म्हाताऱ्या रखवालदाराने सगळ्यांना तिथेच बसवलं. डबा नाही, फटाका नाही, बोलणंही नाही. जनावर कुठवर सरकलंय कुणास ठाऊक, आता ते बिथरता कामा नये. तो, लहू, शीतलचा काका आणि मी असे चौघे जीपने रस्त्याने वळसा घालून शाळेत आलो. पाच वाजून गेले होते. ऊन तिरपं झालं होतं आणि उसाच्या सऱ्यांमध्ये तर सांज झाल्यासारखं वाटत होतं.

कुंपणाची तार एका जागी खाली वाकलेली होती. दुपारी मी तिथून दहा पावलं डावीकडे उभा होतो.

"वने! ए वने!" लहूने हाक मारली. त्याचा आवाज मोठा होता, रानात पोचणारा. "वने, मी तुजा बा हाय गं! ये भायेर!"

पाती हलली. वारा होता.

त्याने आणखी तीनदा हाक मारली. चौथ्या वेळी त्याचा आवाज फाटला. तो तारेवर पाय देऊन आत शिरायला निघाला, तर रखवालदाराने त्याला मागे ओढलं. आत कुठेतरी, फार लांब नाही, वाळलं पाचट मोडल्याचा आवाज झाला. आम्ही चौघेही ऐकत राहिलो. तो आवाज पुन्हा झाला नाही.

"हाक ऐकून येणार नाही ती," मी म्हणालो. "खेळाचा नियम आहे. दुसरी हाक आहे."

मी पुढे झालो. उसाकडे तोंड करून मी ओरडलो, "हू केम?"

लहू माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहायला लागला. मी पुन्हा ओरडलो. "हू केम, वनिता? हू केम?"

काही नाही. रखवालदाराने टोपी काढून हातात घेतली. त्याचा अर्थ मला कळला, लहूलाही कळला असावा. तो तारेचा खांब धरून उभा राहिला.

पण एक गोष्ट त्या तिघांना ठाऊक नव्हती आणि मला होती. माझ्या आवाजाला ती येणार नव्हती. जिवंत असली तरी येणार नव्हती. का, ते मी त्यांना सांगितलं नाही. मी शीतलच्या काकाला एवढंच म्हणालो, "तुमच्या शीतलला आणा. आत्ता. तिच्याशिवाय होणार नाही."

त्याला माझा गळा धरायचा होता, पण तो गेला. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी उसाकडे पाहायचं सोडून सगळीकडे पाहत होतो.

शीतल आली ती रडतच. दुपारपासून घरात चाललेलं बोलणं तिने ऐकलं होतं आणि आपल्यालाच पकडून नेतायत असं तिला वाटत होतं. तिच्या हातात 'केम'ची पाटी होती. घाईत सकाळी ती घरी घेऊन गेली होती. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. "शीतल, तू कुणालाही घाबरू नकोस. खेळ अजून चालू आहे. तुझा कर्ता सापडायचा राहिलाय. मोठ्याने विचार."

तिने बाही नाकावर फिरवली. तारेपाशी उभी राहिली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. मग तिने डोळे मिटून, वर्गात ओरडायची तशी हाक मारली.

"हू केम?"

उसातून, पंधरा-वीस पावलांवरून, अगदी बारीक आवाज आला.

"अ लेपर्ड केम."

लहूने तार ओलांडली तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. तो ऊस मोडत आत गेला आणि तिला उचलून बाहेर घेऊन आला. हातापायांवर पात्यांचे ओरखडे होते, परकर ओला होता, ओठ पांढरे पडले होते. पाटी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती. लहूने तिला खाली ठेवलं, तिच्या तोंडावरून, डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. कुठे काही तुटलंय का ते पाहिलं. मग तिथेच मातीत बसून तो रडला. मीही रडलो. रखवालदार आम्हाला फाटकाकडे ढकलत होता, "आदी हितनं हला, आदी हितनं हला."

व्हरांड्यात आल्यावर शीतलने तिला पाणी आणून दिलं. ती प्याली. लहूचा श्वास जरा बसला.

"वने, आत काय व्हतं का गं?"

"व्हतं." ती खाली बघून बोलत होती. "पल्याडच्या सरीत. मांजरावानी घोरायचं. मंग डबं वाजलं तवा उठलं न् बाजूला येऊन बसलं."

रखवालदार पुटपुटला, "देवा."

"मंग पळाली का न्हाईस?"

"केम आली नव्हती."

"आन् माजी हाक? मी एवडा वरडत व्हतो. ऐकू न्हाई आली?"

"आली."

"आन् सरांची?"

"आली. दुपारी बी आली."

"मंग का न्हाई आलीस, बाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नजर लगेच खाली घेतली आणि बापाच्या मागे सरकली. तिचा आवाज पुन्हा उसातल्यासारखा बारीक झाला.

"मागं एकदा सरांनीच हाक मारली व्हती. मी आले. तर म्हनले, मी क्रियापद हाय का? आन् शाळा सुटंस्तवर मला उनात हुबं केलं. पुन्यांदा आलीस तर दिसभर हुबं करीन म्हनले."

झालं होतं तसंच. पंधरा दिवसांपूर्वी. बाकीची पोरं फसवत होती, म्हणून गंमत वाटून मीही तिला फसवलं होतं. ती हसत हसत बाहेर आली होती. तिला हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. नियम म्हणजे नियम, म्हणून मी तिला ध्वजाच्या कट्ट्यावर दीड तास उभं केलं, आणि घरी जाऊन जेवलो, आणि विसरून गेलो. संध्याकाळी त्या तारेपाशी माझ्या हाकेला उत्तर आलं नाही तेव्हाच मला ते आठवलं होतं.

आता लहू मला मारेल असं मला वाटलं. मी तयार होतो. शीतलच्या काकाने बाह्या सरसावल्याही होत्या.

लहू उठला. अंगावरची माती झटकली आणि माझ्यासमोर येऊन त्याने दोन्ही हात जोडले.

"सर, बापानं हाका मारल्या तरी पोर हालली न्हाई. श्येजारी वाघ बसला तरी हालली न्हाई. पर तुमचा सबूद मोडला न्हाई तिनं. लई चांगलं वळन लावलं बगा तुमी." मग तो मागे वळून म्हणाला, "वने, सरांच्या पाया पड."

ती पुढे आली. पाटी बापाच्या हातात देऊन वाकली. तिची बोटं माझ्या पायांना लागली, ती गार होती. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.